झील कोणी धरायची

"टेल मी अबाउट युवर वर्क, ऊर्मिला."

"अबाउट माय वर्क, मॅडम."

"येस. बिगिन."

"बिगिन, मॅडम."

आणि मग शांतता. लॅपटॉपवरच्या आठ चौकोनांपैकी तिसऱ्या चौकोनातून एक सावळी, लांब वेणीची मुलगी टक लावून बघत होती, जणू पुढचं वाक्यही माझ्याच तोंडून यायचं आहे. अर्धं मिनिट गेलं. वहीत तिच्या नावापुढे मी आणखी एक फुली मारली.

"रेश्मा, यू टेल."

रेश्मा मुलाणीला एवढंच हवं असे. तिचं इंग्रजी म्हणजे उतारावरची सायकल. ब्रेक नाही, घंटी मात्र जोरात. तिनं आपल्या वॉर्डातले सगळे पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि नातेवाइकांनी आणलेले डबे एका दमात सांगून टाकले. त्यात बारा चुका झाल्या. मी बाराही लिहून घेतल्या.

त्याला आता पाच वर्षं होतील. मी तेव्हा मुलींच्या शाळेतून एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि मिरजेत घरी बसून परदेशी जाणाऱ्या नर्सेसना ऑनलाइन शिकवत होते. एका संस्थेनं काम दिलं होतं. सहा आठवडे, आठ मुली, रोज सकाळी अकरा ते साडेबारा. लॅपटॉप मी चौरंगावर ठेवत असे, ज्यावर एरवी सत्यनारायण मांडतो त्याच. सुरू करण्याआधी त्याला हळद-कुंकू वाहायचे. मुली गालातल्या गालात हसायच्या, पण यंत्रानं सहा आठवड्यांत एकदाही दगा दिला नाही, हेही सांगून ठेवते.

वर्गाला मी शिस्त लावली होती. पहिल्याच दिवशी एकीच्या घरी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, दुसरीच्या सासूबाई "पोहे भिजवू का गं?" म्हणून तीनदा विचारून गेल्या आणि तिसरीचा नवरा बनियनवर मागून फिरला. दुसऱ्या दिवसापासून नियम केला. एक जण बोलेल, बाकीच्यांचे माइक बंद. मी तर कॅमेराही बंद ठेवायची, कारण पडद्यावर उतारा दाखवायचा असे. मुलगी बोलत असेल तेव्हा मी खाली मान घालून तिच्या चुका टिपत असे. सुतासारखा सरळ वर्ग चालला होता. फक्त ऊर्मिला बोलत नव्हती.

ऊर्मिला वामन पुजारी. वय सत्तावीस, नवजात बाळांच्या कक्षात चार वर्षांचा अनुभव. लेखी परीक्षेत तिला सगळ्यांत जास्त गुण होते. मी एकदा 'माझ्या कामातला एक दिवस' असा निबंध दिला, तर तिनं नऊशे ग्रॅम वजनाच्या एका बाळाबद्दल लिहिलं. दर दोन तासांनी ती त्याला नळीनं दूध देत असे. दर दोन तासांनी त्याची आई दाराच्या काचेशी येऊन उभी राहत असे. एकेचाळिसाव्या दिवशी ते बाळ स्वतःच्या तोंडानं दूध प्यायलं, तेव्हा ऊर्मिलेनं काचेपलीकडच्या आईला नुसता अंगठा दाखवला. इंग्रजी साधंच होतं, पण वाचताना माझा चष्मा ओला झाला.

आणि हीच मुलगी तोंडानं "बिगिन, मॅडम" म्हणून थांबायची.

मी तिला फोन केला.

"ऊर्मिला, अगं इतकं सुरेख लिहितेस. बोलायला काय होतं?"

"काय होतं ते कळत नाही, मॅडम."

"याआधीच्या दोन मुलाखतींत काय झालं?"

"त्यांनी विचारलं. मी म्हटलं. मग ते थांबले. मग मीपण थांबले."

"किती वेळ?"

"पहिल्या वेळी बराच. दुसऱ्या वेळी त्यांना वाटलं नेट गेलं. त्यांनी बंदच केलं."

मला हसू आलं, आणि ते मी दाबलं. मुलाखत आयर्लंडमधल्या एका रुग्णालयाची होती, बाळांच्या कक्षासाठी. तीनच संधी मिळतात, तिसरी येत्या गुरुवारी. ती गेली की या भरतीचं दार बंद.

"तुला जायचंय ना पण? की घरचे ढकलतायत?"

"मलाच जायचंय, मॅडम," ती लगेच म्हणाली. "तिथं सहाशे ग्रॅमची बाळं वाचवतात. आमच्याकडे मी दोन हातांत धरलीयत तशी. गेलेली. मला ते शिकायचंय."

हे तिनं न अडखळता सांगितलं. पण तो फोन होता आणि भाषा मराठी होती, एवढाच अर्थ मी त्यातून काढला. वाटलं, बिचारी इंग्रजीला घाबरते. इंग्रजीला घाबरणाऱ्या मुली मी एकतीस वर्षं पाहिल्या होत्या. त्यांना माझ्याकडे एकच औषध असे, आणखी सराव. मी तिच्याकडून रोज दहा वाक्यं म्हणून घेऊ लागले. मी म्हणायची, ती मागून म्हणायची. उच्चार इतके स्वच्छ की कान निवावेत. आणि मी गप्प झाले की तीही गप्प.

आता माझ्या एका वेडाबद्दल सांगायला हवं. मला कीर्तनाचा नाद आहे. सिनेमा नाही, नाटक नाही, पण दहा कोसांवर कुठं कीर्तन आहे असं कळलं की माझी पिशवी भरलेली. गेली चाळीस वर्षं मी पहिल्या रांगेत, उजव्या खांबाशी बसत आले आहे. बुवा पूर्वरंगात निरूपण लावतात तेव्हा माझी मान आपोआप हलते, आणि दर दोन-तीन वाक्यांना तोंडातून "हं" जातो. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "बुवांना बिदागी देतात ते ठीक, पण मान दुखल्याबद्दल तुलाही काही द्यायला हवं." एका बुवांनी तर भर कीर्तनात सांगितलं होतं, "उजव्या खांबाकडची मान हलेना झाली की मी समजतो, आज रामराया आपल्या तोंडी आलेला नाही."

सगळ्यांत मोठे माझ्या लेखी तांबवेकरबुवा. त्यांचं रामजन्माचं कीर्तन मी बारा वर्षं चुकवलेलं नाही. खर्ज असा, की देवळातल्या समईची ज्योत हलावी.

तर रविवारची सकाळ. गुरुवारला चार दिवस उरलेले, म्हणून जादा वर्ग घेतला होता. ऊर्मिलेकडून वाक्यं म्हणून घेऊन मी पुढच्या मुलीकडे वळले आणि ऊर्मिला आपला माइक बंद करायला विसरली. रेश्मा तापाच्या पेशंटबद्दल सांगत होती. तेवढ्यात मागून झांज वाजली, आणि त्या झांजेवर एक आवाज चढला.

माझ्या अंगावर काटा आला. पेन खाली पडलं.

"ऊर्मिला, तुझ्याकडे रेडिओ लागलाय का?"

"सॉरी मॅडम. रेडिओ नाही, बाबा आहेत. उद्याच्या कीर्तनाचं म्हणून बघतायत. थांबवायला सांगते."

"खबरदार थांबवलंस तर."

"मॅडम," रेश्मा म्हणाली, "माइक बंद ठेवायचे असा नियम आहे ना? की तो फक्त आमच्या कुकरला?"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "तुझे बाबा म्हणजे तांबवेकरबुवा?"

"हो, मॅडम."

"आडनाव पुजारी लावतेस ना?"

"आडनाव पुजारीच. गाव तांबवे, म्हणून लोक तांबवेकर म्हणतात."

झांज थांबली. तिसऱ्या चौकोनात ऊर्मिलेच्या खांद्यामागून एक ओळखीचं गोल कपाळ आणि त्यावरचा बुक्का डोकावला. मी घाईघाईनं माझा कॅमेरा चालू केला आणि पदर सारखा केला.

"कोण, मोडकबाई?" बुवा म्हणाले. "उजव्या खांबाच्या? अहो, तुम्ही आमच्या ऊर्मीच्या मास्तरीणबाई होय? ही बोलली नाही मला."

"मलाच ठाऊक नव्हतं, बुवा. ही तुमची मुलगी हे..."

"ठाऊक नव्हतं?" बुवा मनापासून चकित झाले. "बारा वर्षं माझ्यामागे पेटीवर हीच असते की."

बारा वर्षं मी त्या मुलीच्या समोर, सात-आठ हातांवर बसले होते. बुवांच्या मागे पेटीवर कुणीतरी असतं, वेणी असते, बुवांनी ओळ सोडली की ती ओळ मागून कुणीतरी उचलतं, एवढं मला ठाऊक होतं. चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"ऊर्मिला, तू मला ओळखलं होतंस?"

"पहिल्याच दिवशी, मॅडम. उतारा सुरू व्हायच्या आधी एक मिनिट तुम्ही दिसलात ना, तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नाही ओळखलंत," ती खाली बघत म्हणाली. "म्हटलं, असेल."

बुवांना यातलं काही टोचलं नाही. ते खुशीत होते. "बाई, रामजन्माची एक नवी चाल बांधलीय. ऐका, आणि सांगा कशी वाटते." वर्गाची वेळ, सात मुली ताटकळत, याची बुवांना फिकीर नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती. बुवांनी ओळ म्हटली. शेवटच्या चार शब्दांवर त्यांनी श्वास घेतला, आणि त्याच क्षणी ऊर्मिलेनं ते चार शब्द मागून उचलले. ती फोनकडे बघत होती, तिचं लक्षही नव्हतं. श्वास घ्यावा तसे ते तिच्या तोंडून आले. बुवांनी पुढची ओळ सोडली. ऊर्मिलेनं शेवट उचलला.

अबाउट माय वर्क, मॅडम.

बिगिन, मॅडम.

मी कपाळावर हात मारला. ही मुलगी महिनाभर माझ्या वर्गात झील धरत होती. बुवांनी ओळ म्हणायची, मागच्यानं तिचा शेवट उचलायचा आणि पुढच्या ओळीची वाट बघायची. बुवांच्या आधी तोंड उघडणं म्हणजे मर्यादा सोडणं. लहानपणापासून तिला हेच वळण. ती घाबरत नव्हती. ती माझी पुढची ओळ यायची वाट बघत होती. आयर्लंडच्या लोकांचीही तिनं तशीच वाट पाहिली होती, नेट गेलं असं वाटेपर्यंत.

"चाल कशी वाटली, बाई?" बुवा विचारत होते.

"चाल उत्तम. बुवा, उद्यापासून तुम्ही वर्गाला बसायचं."

"मी? मला येस-नोच्या पुढचं काही येत नाही हो."

"पुढचं नकोच आहे. मागचं हवंय. उद्या ऊर्मिला पुढे, आणि झील तुम्ही धरायची."

बुवांनी उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"मॅडम," रेश्मा म्हणाली, "हा वर्ग मी बाळंतपणाच्या रजेवर असते तरी चुकवला नसता."

सोमवारचं कीर्तन संध्याकाळी होतं, त्यामुळे सकाळी बुवा मोकळे होते. ऊर्मिलेनं फोन पेटीवर उभा केला आणि स्वतः उभी राहिली, कारण कीर्तन बसून करत नाहीत. तिच्यामागे बुवा जमिनीवर मांडी घालून, हातात झांज. मी नियम बदलला होता. आठही जणींचे माइक चालू, माझा कॅमेरा चालू, वही-पेन खोलीबाहेर.

"काय करायचं, मॅडम?" ऊर्मिलेनं विचारलं.

"नऊशे ग्रॅमचं बाळ सांग. आम्ही ऐकतोय."

ती उभी राहिली. मी वाट पाहिली. माझ्या जिभेवर तिच्यासाठी पहिलं वाक्य तयार होतं, ते मी दातांखाली धरलं. एकतीस वर्षांत मला इतकं जड काही गेलं नसेल.

"माय बेबी," ती शेवटी म्हणाली, "वॉज नाइन हंड्रेड ग्रॅम्स."

"नाइन हंड्रेड ग्रॅम्स," बुवांनी मागून उचललं, षड्जावर, झांजेच्या एका ठोक्यासह.

रेश्मा खो खो हसली. मी मान हलवली आणि म्हटलं, "हं."

ऊर्मिलेनं पडद्याकडे पाहिलं. माझ्या मानेकडे पाहिलं असावं.

"एव्हरी टू अवर्स आय फेड हिम."

"एव्हरी टू अवर्स," बुवा.

"हं," मी. आणि माझ्यामागून रेश्मा, "हं." आणि मग आणखी दोघी-तिघी.

त्यानंतर तिला थांबवणंच कठीण झालं. आई काचेशी आली, बाळाचं वजन वाढलं, एकदा रात्री श्वास अडकला तो सुटला, आणि प्रत्येक ठिकाणी बुवांनी, एका अक्षराचा अर्थ न कळता, नेमका शेवट उचलला. एका जागी तर त्यांनी "ऑक्सिजन सॅच्युरेशन" यमनात धरलं. शेवटी त्यांच्याच डोळ्यांत पाणी. "बाई, बाळ वाचलं ना हो?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"वाचलं, बुवा. तिनं अंगठा दाखवला."

"मग झालं," म्हणून त्यांनी झांज खाली ठेवली.

मंगळवारी वर्ग संपल्यावर ऊर्मिला ड्यूटीला निघून गेली, पण वर्गासाठी लावलेला बुवांचा फोन तसाच चालू राहिला. बाकीच्या मुलीही गेल्या होत्या. बुवा पडद्यासमोर येऊन बसले.

"बाई, एक बोलतो. तुम्ही पहिल्या रांगेतल्या, म्हणून."

"बोला ना."

"ती गेली की पेटीवर कोण बसणार, हा प्रश्न मला वर्षभर खातोय. माझा दम आता पूर्वीसारखा पुरत नाही. मी श्वास घेतो तिथं ती ओळ धरून ठेवते, म्हणून लोकांना कळत नाही." त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "पहिल्या दोन्ही वेळी तिचं जमलं नाही, तेव्हा मी तिची समजूत घातली, तिला धीर दिला. पण रामापुढे खोटं कशाला बोलू? मला आतून बरं वाटलं होतं."

नुसती मान हलवली.

"आणि काल तिच्यामागे बसलो," बुवा पुढे म्हणाले. "पहिल्यांदा मागून पाहिलं तिला. एवढी उंच आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पेटीवर बसलेली दिसते ना कायम."

"मग आता?"

"आता काय? झील धरलीय म्हटल्यावर झीलकऱ्यानं बुवाच्या पुढे जायचं नसतं. आणि आडवं तर मुळीच यायचं नसतं."

बुधवारी ऊर्मिलेनं विचारलं, "मॅडम, उद्या बाबा नसणार. तुम्ही नसणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा आवाज जरी आला तरी मुलाखत रद्द, असं पत्रात लिहिलंय. झील कोण धरणार?"

"रामराया आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"राम इंग्रजीत 'हं' म्हणेल का, मॅडम?"

"त्याला सगळ्या भाषा येतात," मी म्हटलं खरं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी मला घरात बसवेना. मी सकाळची एसटी धरून तांबव्याला गेले. मुलाखत अडीचला होती. ऊर्मिलेनं पांढरा सलवार-कमीज घातला होता. तिनं बुवांना नमस्कार केला, मला केला, आणि मधल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बुवा आणि मी बाहेर ओट्यावर बसलो. खोलीची एक खिडकी ओट्याकडे होती. ती लावलेली होती, पण जुनं लाकूड, फटीतून आवाज येत होता. बुवांनी सवयीनं झांज हातात घेतली होती.

"ती कशाला?" मी कुजबुजले.

"हात रिकामे राहवत नाहीत."

आतून नमस्कार-चमत्कार झाले. एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा. मग बाईंनी विचारलं, कामाबद्दल सांगा. मी रामनाम सुरू केलं.

"माय बेबी," ऊर्मिला म्हणाली, "वॉज नाइन हंड्रेड ग्रॅम्स."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मीही हसले. आणि मग आत काहीच नाही.

तिनं दुसरं वाक्य सुरू केलं. मध्येच थांबली. पुन्हा सुरू केलं. पलीकडून चकार शब्द नाही. मला कळलं काय झालं असणार. ती दोघं शिस्तीची माणसं, उमेदवार बोलत असताना आपला माइक बंद ठेवणारी. माझ्यासारखी.

शांतता वाढत गेली. ओट्यावरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. बुवांचे ओठ हलत होते, "एव्हरी टू अवर्स, एव्हरी टू अवर्स," आवाज न करता. त्यांचा झांजेचा हात वर आला. एकच ठोका, एकच ओळ, आणि मुलीला सूर सापडला असता. मलाही तेच वाटत होतं, हे कबूल करते. माझ्याच घशाशी "हं" आला होता.

मी बुवांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी.

"बुवा, नको."

"अडकलीय हो ती."

"आपला आवाज गेला की संपलं. तिला काढू दे."

झांजेच्या दोन वाट्या एकमेकींपासून बोटभर अंतरावर. मी एक बोट मध्ये घातलं.

आणि आतून ऊर्मिलेचा आवाज आला. वाचलेलं नव्हे, पाठ केलेलं नव्हे, तिचं स्वतःचं इंग्रजी, तुटक पण स्वच्छ. ती म्हणत होती, मॅडम, सर, एक विनंती आहे. आमच्याकडे कुणी गोष्ट सांगतं तेव्हा ऐकणारा गप्प बसत नाही. तो हं म्हणतो. नाही म्हटलं तर सांगणाऱ्याला वाटतं, समोर कुणी नाही. तुम्ही मला हं म्हणाल का? मग मी सगळं सांगेन.

पलीकडे खुट्ट आवाज झाला. माइक उघडल्याचा. बाई हसल्या, अगदी मोकळं. मग त्या म्हणाल्या, "हम्म?"

"हं," ऊर्मिला म्हणाली. "लाइक दॅट. थँक यू. एव्हरी टू अवर्स आय फेड हिम."

"हम्म," बाई.

त्यानंतर तिनं मागे वळून पाहिलं नाही. आई काचेशी आली, वजन वाढलं, श्वास अडकला, सुटला. प्रत्येक वाक्याला बाईंचा हुंकार. एकेचाळिसाव्या दिवसापाशी ती आली तेव्हा तो पुरुषाचा आवाज, इतका वेळ गप्प असलेला, नकळत तिच्यामागून म्हणाला, "फॉर्टी-वन डेज."

बुवांनी झांज हळूच मांडीवर टेकवली. "बाई," त्यांनी कुजबुजत विचारलं, "हा कोण?"

"झीलकरी," मी म्हटलं.

पाऊण तासानं दार उघडलं. ऊर्मिला घामानं चिंब झाली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं. बुवांच्या मांडीवर झांज आणि तिच्यात अजून माझं बोट.

"रामानं म्हटलं, मॅडम," ती म्हणाली. "इंग्रजीतच."

पत्र आठ दिवसांनी आलं. ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली.

माझ्या वर्गात तेव्हापासून माइक उघडे असतात. कुकर शिट्ट्या देतात, सासवा पोह्यांचं विचारतात. जिची पाळी असेल तिनं बोलायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. वही मी वर्ग संपल्यावर उघडते.

पुढच्या रामनवमीला तांबवेकरबुवांचं कीर्तन होतं, सकाळी दहाला, आमच्याच देवळात. मी उजव्या खांबाशी होते. त्या दिवशी पेटीवर दुसऱ्या गावचे एक गृहस्थ होते. ते पेटी छान वाजवत होते, पण तोंड उघडत नव्हते. माझ्या मांडीवर फोन होता आणि फोनमध्ये ऊर्मिला. तिकडे नुकतं उजाडत होतं, ती ड्यूटी संपवून तशीच गणवेशात बसली होती. तिला बुवा दिसावेत म्हणून मी कॅमेरा त्यांच्याकडे धरला होता.

पूर्वरंग चांगला झाला. आख्यानात जन्माची वेळ जवळ आली, बुवांनी ती वर्षापूर्वीची चाल उचलली आणि शेवटच्या चार शब्दांपाशी त्यांचा श्वास संपला. मागून काही आलं नाही. बुवा तसेच उभे, तोंड उघडं, झांज हवेत.

चाळीस वर्षांत मी कीर्तनात मान हलवली होती, हुंकार दिला होता, पण गायले कधी नव्हते. माझ्या गळ्याबद्दल आमच्या ह्यांचं मत फार स्पष्ट होतं. तरी मी ते चार शब्द उचलले. बेसूर, पण वेळेवर. माझ्यामागून दुसऱ्या रांगेनं धरले, मग सगळ्या देवळानं. आणि सगळं देऊळ शांत झाल्यावर, माझ्या मांडीवरून, दोन श्वास उशिरा, तेच चार शब्द पुन्हा आले. नेमक्या सुरात.

बुवांनी फोनकडे पाहिलं. देवळाकडे पाहिलं. "मंडळी," ते म्हणाले, "आमची एक झील लांबून येते. जरा वाट बघत चला."

लोक हसले. पुढच्या प्रत्येक ओळीला सगळं देऊळ झील धरून थांबे, ती लांबची येईपर्यंत, आणि मग बुवा पुढची ओळ सोडत. जन्माला त्या वर्षी सहा मिनिटं उशीर झाला. कुणी तक्रार केली नाही.

पाळणा हलला, गुलाल उधळला. मी फोनकडे बघून मान हलवली. मग लक्षात आलं, कॅमेरा अजून बुवांकडे आहे. तो वळवून माझ्याकडे केला, आणि पुन्हा हलवली.